डब्यातली मान

सेंट्रल लाइन शिकायला एखादी सोपी मान मिळेल म्हणून वाट बघू नकोस. आधी डबा कर. विभागाचं महागडं मॅनिकिन येईल तेव्हा येईल, तुझी पहिली ५० टोचणं जिलेटिनमध्ये होऊ देत.

लिटरभर गरम पाण्याला साधारण १०० ग्रॅम साधं जिलेटिन आणि दोन मोठे चमचे इसबगोल. नुसतं जिलेटिन सोनोग्राफीच्या स्क्रीनवर काळंकुट्ट दिसतं. इसबगोलाने मांसासारखा करडेपणा येतो, शिवाय डबा गढूळ होतो, म्हणजे बाहेरून सुई बघायची चोरवाट बंद. अर्धं ओतून फ्रिजमध्ये घट्ट होऊ दे. त्यावर ग्लोव्हचं कापलेलं बोट निळ्या पाण्याने ढिलंसं भरून, गाठ मारून ठेव, ही शीर. शेजारी जाड रबरी नळी, लाल पाण्याने गच्च भरलेली, ही कॅरोटिड धमनी. बुडबुडा एकही ठेवू नकोस, हवेपलीकडचं प्रोबला दिसत नाही. उरलेलं मिश्रण कोमट झाल्यावरच ओत, नाहीतर खालचा थर वितळतो. मग प्रोबने दाबून बघ: शीर चपटी होते, धमनी होत नाही. सिरिंजमध्ये लाल आलं की त्या दिवशीचा चहा तुझ्याकडून. आणि डब्यावर ‘खायचं नाही’ असं लिही. आमच्या वेळी एकाने चमचा घातला होता.

डबा मशीनकडे न्यायचा, मशीन डब्याकडे नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेलं यंत्र आहे ते, रूमवर न्यायची वस्तू नव्हे. ओटीची लिस्ट संपली की सिस्टरना विचारून बस. स्क्रीन तुझ्या नाकासमोर हवा, मान वळली की हातही वळतो. प्रोब धरलेल्या हाताची करंगळी टेकलेली असू दे.

खरी मेख सुईच्या टोकाची आहे. शिरेचा आडवा छेद घेतलास की सुई म्हणजे एक पांढरा ठिपका. तो टोकाचा असेल किंवा दांड्याचा, दिसतात दोन्ही सारखेच. म्हणून प्रोब जरासा पुढे सरकव. ठिपका नाहीसा झाला तर तो टोकाचा होता. आता सुई किंचित पुढे घाल, ठिपका परत येईल. नाहीसा झालाच नाही तर टोक पुढे कुठेतरी भटकतंय, थांब. एका वेळी एकच हात हलव.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने मानेतल्या शिरेसाठी सोनोग्राफीची शिफारस २००२ मध्येच केली होती, पण आमच्याकडे प्रोब आला तो उशिरा, आणि शिकवणारं कुणी नव्हतं. दांड्याच्या ठिपक्याला टोक समजून मी सुई रेटली, शिरेची मागची भिंत ओलांडून थेट कॅरोटिडमध्ये. मग मानेवर बोटं दाबून उभा राहिलो. काचेपलीकडून रुग्णाचा मुलगा बघत होता.

टोचून टोचून पांढऱ्या रेघा उमटल्या की शीर-नळी काढून जिलेटिन वितळव, पुन्हा ओत. मात्र डबा श्वास घेत नाही. पाणी कमी पडलेल्या रुग्णाची शीर श्वासागणिक मिटते, ते तुला खाटेपाशीच कळेल, म्हणून पहिल्या काही लाइनी माझ्यासमोर टाक. आणि गाइडवायर उभ्या छेदात शिरेच्या आत दिसल्याशिवाय डायलेटरला हात लावू नकोस. दिसत नसेल तर मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.