हॉप्स बदलताना नावाला भुलू नका

लहानपणी लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरवर बसून जायचो. व्यापारी ट्रॉलीत खोल हात घालून तळातला कांदा वर काढायचा, मान दाबून बघायचा. चाळीत भरायचा तर उन्हाळच हवा, रांगडा टिकत नाही. पण संध्याकाळी भजीच तळायची असतील तर रांगड्यानं काय बिघडतं? घरी बिअर करताना हॉप्स बदलायची वेळ आली की मी हाच हिशेब लावतो.

(महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये घरगुती बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. तेव्हा हे इथल्या मंडळींसाठी.)

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. दुकानात बहुधा त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या मिळतात. कृतीत लिहिलेली जात मिळाली नाही, तर आधी बघा, ती उकळीत कधी पडते. सुरुवातीलाच पडून तासभर उकळणार असेल, तर ती कडूपणासाठी. तिचा वास बहुतेक वाफेबरोबर उडूनच जातो, त्यामुळे दुसरी जात चालते. वजन मात्र बदलायचं. पाकिटावर कडूपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचा टक्का छापलेला असतो. कृतीत ५ टक्क्यांचे ३० ग्रॅम असतील तर गुणाकार १५०. तुमच्याकडे १२ टक्क्यांचा मॅग्नम आहे? १५० ला १२ नं भागा, साडेबारा ग्रॅम. सवयीनं तीसच टाकलेत तर काढा प्यावा लागेल.

शेवटच्या पाच-दहा मिनिटांत पडणारे हॉप्स वासासाठी. इथं वजन साधारण तेच ठेवा, पण घराणं जुळू द्या. ईस्ट केंट गोल्डिंग्जच्या जागी फगल, जरा मातकट लागतो एवढंच. झेक साझ नसेल तर जर्मन टेटनांगर. अमेरिकी कॅस्केडऐवजी सेंटेनियल. तो जास्त जोरकस, म्हणून हात थोडा आखडता. आणि स्टायरियन गोल्डिंग्ज हे नावापुरतेच गोल्डिंग्ज, मूळ वाण फगलचं. मीही त्या नावाला फसलोय.

पाकीट फोडलं की दोन गोळ्या तळहातावर चुरडून नाकाशी धरा. गवताचा, फुलांचा, लिंबाच्या सालीचा वास आला तर ठीक. जुन्या चीजचा किंवा ओल्या मोज्यांचा आला, तर जात कितीही अचूक असो, कचऱ्यात टाका. उरलेलं पाकीट हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा.

पुढच्या खेपेला तीच जात आणलीत तरी टक्का नव्यानं वाचा. पीक दर हंगामात बदलतं. माझ्या वहीत फगलसमोर तीन वर्षांचे तीन वेगळे आकडे आहेत.