न दिसणारा पहारेकरी

मुलांनो, दूरचित्रवाणीचा रिमोट तुम्ही अनेकदा हाताळला असेल. त्याची कळ दाबताच संच आज्ञा पाळतो. परंतु मध्ये कोणी पुस्तक धरले, तर तोच संच जणू बहिरा होतो. असे का बरे व्हावे?

रिमोटमधून प्रकाशच बाहेर पडतो. मात्र तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व त्यांची उष्णता तापमापीने मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला! त्या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात.

असे किरण सूर्यापासूनही येतात. मग संचाला रिमोटची आज्ञा ओळखू कशी येते? रिमोटचा दिवा बहुधा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. ही लुकलुक क्षणभर चालते, क्षणभर थांबते. त्या चालण्या-थांबण्यातच आज्ञा दडलेली असते. इतर प्रकाशाकडे संच लक्ष देत नाही.

हे जाणून काही छांदिष्ट मंडळी एक गमतीचा परिपथ जोडतात. एक बॅटरी, १९७२ पासून मिळू लागलेली '५५५' ही चिप, काही रोधक, धारित्र आणि अवरक्त दिवा, एवढेच साहित्य त्यास लागते. हा दिवाही तितक्याच वेगाने, पण अखंड लुकलुकतो. वर्गात एकसारखा गलका झाला, की गुरुजींचे शब्द ऐकू येत नाहीत. तद्वत रिमोटची आज्ञा या लुकलुकीत बुडून जाते.

घरी असा खेळ केला, तर फार तर आजोबांच्या बातम्या चुकतील. परंतु हेच किरण अन्यत्र माणसाचे हात राखतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारी व त्यांचे सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने आहेत. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रचंड यंत्रांना कामगार 'प्रेस' म्हणतात. अशा कित्येक यंत्रांच्या तोंडाशी अवरक्त किरणांचा पडदा असतो. एका खांबातून किरण निघतात व समोरचा खांब ते टिपतो. चुकून हात आत गेला, की किरण अडतो आणि यंत्र तत्काळ थांबते. रिमोटचा किरण अडला, की काम अडते. येथे किरण अडला, की बोटे वाचतात!

कामाच्या घाईत कोणी हा पहारा मुद्दाम बंद पाडला, तर काय होईल? पत्रा कोणता आणि हात कोणता, हे यंत्राला कळत नाही.

मुलांनो, परिपथ अवश्य जोडा. मात्र कोणताही किरण अडविण्यापूर्वी तो कोणाचे काम करीत आहे, याचा विचार करा.

स्वाध्याय
१. संच रिमोटची आज्ञा कशी ओळखतो?
२. किरण अडल्याने कामगाराचा हात कसा वाचतो?
३. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा दिवा पाहा. कळ दाबल्यावर काय दिसते, ते लिहा.