देवाशी तुझं नातं कोणतं?

अगं, परवा फोनवर तुझा गळा दाटून आला होता, ते माझ्या मनातून जात नाही. संत्र्याचा तोडा सुरू, मजुरांचा चहा, भाकरी, त्या धांदलीत शनिवारचा उपास मोडला. रात्री पोरीला ताप भरला, आणि तू म्हणालीस, जामसावळीचा मारुती कोपला.

बाई, मीही अशीच घाबरायची. लग्नानंतर पहिली तीन वर्षं जामसावळीला गेले ती नवसाचा हिशोब घेऊन. इतके शनिवार, इतके नारळ. पिंपळाखाली निजलेली ती मूर्ती मी कधी डोळे भरून पाहिलीच नाही. एकदा रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. मूर्तीसमोर आली आणि हळूच म्हणाली, "नीज बापा, थकला असशीन." बस, एवढंच. काही मागितलं नाही. माझे डोळे भरून आले.

नारदांच्या भक्तिसूत्रांत परमप्रेमालाच भक्ती म्हटलं आहे. त्या प्रेमाचे 11 प्रकार तिथं येतात. कोणी दास होतं, कोणी सखा, कोणी आई, कोणी कांता, कोणी नुसतं विरहात झुरतं. त्या 11 मध्ये भीती नाही, बरं.

आपल्या वऱ्हाडातलेच गुलाबराव महाराज बघ, अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. जन्म 1881 चा, घर शेतकऱ्याचं, तान्हेपणीच दृष्टी गेलेली. त्यांनी ज्ञानेश्वर माउलींना बाप मानलं. मधे सहाशे वर्षं होती, ती त्यांना आड आली नाहीत. आपण माउलींची लेक आणि श्रीकृष्णाची पत्नी, हे नुसतं बोलून थांबले नाहीत. कपाळी कुंकू लावलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं. त्या काळी, खेड्यात, एका पुरुषानं! मला तर हे धाडस फार मोठं वाटतं. आणि बुद्धी केवढी! शंभराहून अधिक ग्रंथ रचले. देव आणि मी एकच, मग प्रेम कोणी कोणावर करायचं? हा वेदान्तातला अवघड पेच. एकपण कळल्यावरही प्रेम उरतं, असं त्यांनी मांडलं आणि त्याला मधुराद्वैत म्हटलं. 1915 मध्ये पुण्यात गेले, अवघ्या 34 व्या वर्षी.

तुला कुंकवाचं व्रत घे म्हणत नाही मी. तुझं देवाशी नातं कोणतं, एवढं स्वतःला विचार. तुझा जीव लेकरात आहे, तर बाळकृष्णाला लेकरासारखं सांभाळ. रागावावंसं वाटलं तर रागाव. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, तरी ती त्याचीच राहिली. ज्याच्यावर आपण रुसू शकतो, त्याची भीती कसली?

आता आधी पोरीला डॉक्टरांकडे ने, औषध वेळेवर दे. ती बरी झाली, तोडा आटोपला की सौंसरला ये. आपण दोघी जामसावळीला जाऊ. या खेपेला काही कबूल करून येऊ नकोस, नुसती त्याला पाहायला ये.