मुंबईचीं माणसें व पाहुण्यांचे अभिप्राय

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं दरवर्षीं आमच्या शाळेंतील कांहीं मुलें-मुली घाट उतरून मुंबईस जातात. कोणी पुढील शिक्षणासाठीं, कोणी नोकरीसाठीं. जाण्यापूर्वीं त्यांचे आईबाप आम्हांस भेटावयास येतात. शुल्क, वसतिगृह, रेल्वेचें भाडें यांची चौकशी होते, आणि निघतांना दाराशीं थांबून ते एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, मुंबईचीं माणसें कशीं असतात हो?"

प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. एकदां आम्हीं त्याचें उत्तर फार घाईनें दिलें, आणि त्याचा परिणाम दुसऱ्यास भोगावा लागला. ती हकीकत पुढें सांगूं. प्रथम, आजवर मुंबईस आलेल्या पाहुण्यांनीं तेथील लोकांविषयीं काय लिहून ठेविलें आहे, तें पाहूं.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलें व १६६८ मध्यें वर्षास दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झालें. त्यानंतर येथें येणाऱ्या परदेशी प्रवाशांपैकीं जॉन ओव्हिंग्टन हे एक धर्मोपदेशक होते. ते १६९० मध्यें पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईस उतरले. दलदल, कुबट हवा आणि तापाची सांथ, अशी तेव्हांची स्थिति होती. नव्यानें आलेल्या गोऱ्या माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांपुरतेंच धरीत असत. ओव्हिंग्टन यांनीं हवेवर टीका केलीच, पण लोकांच्या दुराचरणावरही कडक ताशेरे ओढले. हे ताशेरे कोणावर? मुख्यतः त्यांच्याच देशबांधवांवर.

पुढें १८०९ मध्यें मारिया ग्रॅहॅम या लेखिका मुंबईस आल्या. त्यांचें प्रवासवर्णन १८१२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांनीं पारशी, हिंदु व मुसलमान कुटुंबांची मोठ्या जिज्ञासेनें माहिती मिळविली. मुसलमान स्त्रियांच्या अंतःपुरांतही जाऊन त्या त्यांच्याशीं बोलल्या. त्यांना कंटाळवाणा वाटला तो येथील इंग्रज समाज! अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन १८९६ मध्यें आले व वॉटसन हॉटेलांत उतरले. रस्त्यांतील रंगीबेरंगी गर्दी पाहून ते हरखून गेले. परंतु त्याच हॉटेलांत एका युरोपियन इसमानें एका नोकरास थप्पड मारलेली त्यांनीं पाहिली. नोकरानें ती मुकाट्यानें सोसली. तें पाहून ट्वेन यांना आपल्या बालपणींची गुलामगिरी आठवली, आणि ही आठवण त्यांनीं प्रांजळपणें लिहून ठेविली.

या तिघांच्या लेखनांत एक गोष्ट समान आहे, ती विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. त्यांनीं मुंबईंत दोष पाहिले हें खरें. परंतु ज्यांच्या अंगीं ते पाहिले, तीं माणसें बहुधा मूळचीं मुंबईचीं नव्हतींच. पाहुण्यांप्रमाणें तींही बाहेरूनच आलेलीं होतीं.

मग मुंबईकर म्हणावें तरी कोणास? ज्या मुंबादेवीवरून शहराचें नांव पडलें, तिला भजणारे कोळी येथील सर्वांत जुन्या रहिवाशांपैकीं. भंडारी, आगरी, पाठारे प्रभू यांचीही वस्ती जुनी. मराठी बोलणारे जुने स्थानिक ख्रिस्ती लोकही तसेच. त्यांनीं १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. बाकीचा मोठा जनसमुदाय मागाहून आला. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली, आणि दर शंभर माणसांत सुमारें चौऱ्यांशीं जणांचा जन्म शहराबाहेरचा निघाला! त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेलीं माणसें सर्वांत अधिक होतीं. म्हणजे त्या काळीं एखादा नवखा मुंबईहून परतून "तेथील माणसें कोरडीं आहेत" असें सांगूं लागला, तर तो कदाचित् आपल्याच शेजारच्या तालुक्यांतील माणसाची तक्रार करीत असे.

मुंबईचें पहिलें सविस्तर मराठी वर्णन लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर हेही असेच नवागत. त्यांचा जन्म १८१५ मध्यें गोव्यांत झाला. १८२४ मध्यें ते मुंबईस आले, तेथेंच शिकले, आणि आमच्याचसारखे एका मिशनशाळेंत शिक्षक झाले. त्यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांना त्या शहरांत राहून एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं. त्यांत बाजार आहेत, इमारती आहेत, जातिजमाती व त्यांचे धंदे आहेत. कौतुक आहे तसे दोषही दाखविलेले आहेत. एकोणचाळीस वर्षें पाहिल्यावर लिहिणें आणि तीन दिवस पाहून बोलणें, यांतील अंतर आम्हांस फार उशिरां कळलें.

आतां अलीकडची एक मौजेची गोष्ट सांगतों. 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकानें २००६ मध्यें जगांतील ३५ शहरांच्या सौजन्याची परीक्षा घेतली. मागून येणाऱ्यासाठीं कोणी दार धरून ठेवतें काय, रस्त्यांत सांडलेले कागद कोणी उचलून देतें काय, खरेदीनंतर दुकानदार आभार मानतो काय, अशा तीन कसोट्या होत्या. मुंबईचा क्रमांक अगदीं शेवटचा, म्हणजे पस्तिसावा लागला. पुढें २०१३ मध्यें त्याच मासिकानें १६ शहरांत प्रत्येकीं बारा पैशांचीं पाकिटें मुद्दाम रस्त्यावर टाकून ठेविलीं. मुंबईंत बारापैकीं नऊ पाकिटें परत आलीं, आणि मुंबईचा दुसरा क्रमांक लागला. पुढें एकटें हेलसिंकी.

सौजन्यांत शेवटचें व प्रामाणिकपणांत दुसरें, असें हें एकच शहर कसें? पहिल्या परीक्षेच्या कसोट्याच नीट पाहा. आपण वाण्याकडून मीठमिरची घेतों तेव्हां "आभारी आहें" असें म्हणतों काय? वाणीही म्हणत नाहीं. फार झालें तर सुटे पैसे हातावर ठेवून "या पुन्हा" म्हणतो. आपल्या बाजारांतील पुष्कळ दुकानांना उघडझांप करावयाचें दारच नसतें. एका देशाच्या रीतीच्या मापानें दुसऱ्या देशाचें मन मोजलें, तर तें उणेंच भरावयाचें. तथापि बारा पाकिटांवरून सव्वा कोटी माणसांची परीक्षा होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. निंदेला जो नियम लावावयाचा, तोच स्तुतीलाही लाविला पाहिजे.

नवख्याच्या मनाला सर्वांत अधिक लागते ती मुंबईची घाई. लोकलगाडी बहुतेक स्थानकांवर जेमतेम अर्धें मिनिट थांबते. तेवढ्यांत शेंकडों माणसें उतरावयाचीं व शेंकडों चढावयाचीं. जो सामान घेऊन दारांत घुटमळतो, तो स्वतःस व इतरांस धोक्यांत घालतो. म्हणून लोक त्याच्यावर खेंकसतात. परंतु त्याच गाडींत तिघांच्या बांकावर आंखडून बसून चौथ्यास टेकण्यापुरती जागा द्यावयाची, असा एक अलिखित नियम आहे. तो कोणत्याही फलकावर लिहिलेला नाहीं, तरी रोज पाळला जातो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद झाल्या, शेंकडों माणसें दगावलीं. त्या रात्रीं कमरेइतक्या पाण्यांतून घरीं चालत निघालेल्यांना रस्त्याकांठच्या लोकांनीं चहा-बिस्किटें दिलीं, अनोळखी माणसांना घरांत घेतलें. एरव्हीं खेंकसणारीं माणसें तींच, आणि त्या रात्रीं दार उघडणारींही तींच.

यावरून मुंबईंत सर्व सोनेंच आहे असें मात्र कोणी समजूं नये. धर्म, जात, भाषा, आहार विचारून घर नाकारणारे लोक तेथें आहेत. एकट्या मुलीस खोली न देणारेही आहेत. काल आलेला मनुष्य आज येणाऱ्यास परका म्हणतो, हा तर त्या शहराचा जुना रोग. आपल्या मुलांना तेथें पाठविणाऱ्या पालकांनीं हें जाणून असावें. पोहोंचण्यापूर्वींच राहण्याची व्यवस्था ठरवावी, आणि अडचणींत जेथें जातां येईल असें ओळखीचें एक तरी घर किंवा मंडळी मुलाला सांगून ठेवावी.

आतां आमची हकीकत. कॉलेजांत असतांना एका कामासाठीं आम्ही तीन दिवस मुंबईस गेलों होतों. पत्र्याची पेटी घेऊन लोकलच्या दारांत उभे असतां एका गृहस्थानें आम्हांस चारचौघांत झिडकारलें आणि दंड धरून आंत ओढलें. आमचें स्थानक आलें तेव्हां त्यानेंच पेटी आमच्यामागून खालीं उतरवून दिली. पण अपमानाच्या भरांत तें आमच्या लक्षांतही राहिलें नाहीं. त्याच दिवशीं दुसरा एक गोडबोल्या मनुष्य भेटला. त्यानें आमच्या गांवाची, घरच्यांची आपुलकीनें चौकशी केली, स्वस्त खोली मिळवून देतों म्हणाला, आणि आगाऊ पैसे घेऊन जो गेला तो पुन्हा दिसला नाहीं. आम्ही घरीं परतलों ते "मुंबईंत माणूस माणसाला ओळखत नाहीं" हा निकाल घेऊन. झिडकारणाऱ्यानें आमचा जीव संभाळला व गोड बोलणाऱ्यानें लुबाडलें, हा साधा हिशेब आम्हीं मांडलाच नाहीं.

पुढें आम्ही शिक्षक झालों. एका गवंड्याच्या गुणी मुलास मुंबईंतील एका संस्थेंत यंत्रविद्या शिकण्यास जागा मिळाली. त्याच्या वडिलांनीं दाराशीं थांबून तोच प्रश्न विचारला, आणि आम्हीं तोच जुना निकाल त्यांना ऐकविला. त्यांचा आमच्या शब्दावर विश्वास होता. मुलगा गेला नाहीं. दुसऱ्या वर्षीं जागाही राहिली नाहीं आणि पैसाही राहिला नाहीं. आज तो गांवांतील एका दुकानांत हिशेब लिहितो. काम प्रामाणिकपणाचें आहे, त्याला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण बंद पडलेलें यंत्र दिसलें कीं त्याचे हात अजून आपोआप पुढें होतात. रस्त्यांत भेटला कीं तो आदरानें नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस जड जातो.

त्याच्या धाकट्या बहिणीनें आमचा सल्ला विचारला नाहीं! परिचारिकेचें शिक्षण पुरें करून ती मुंबईस नोकरीला गेली. पहिल्या नाताळांत ती घरीं आली तेव्हां आम्हीं होऊन तिला विचारलें, "बाई, तेथील माणसें कशीं आहेत?" ती म्हणाली, "सर, दोन ठिकाणीं आडनांव ऐकून खोली नाकारली. तिसऱ्या ठिकाणीं मिळाली. शेजारच्या मावशी रोज पहांटे नळावर माझ्याशीं भांडतात. पण मला ताप आला तेव्हां चार दिवस पेज त्यांनींच करून घातली. पांचव्या दिवशीं पुन्हा भांडल्या." आम्ही हंसलों, पण मनांत ओशाळलों. तीन दिवसांत आम्हांस जें उमगलें नव्हतें, तें या मुलीनें एका वर्षांत ओळखिलें होतें.

विद्यार्थ्यांनो, प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचें तारूं फुटून तो मेलितें बेटाला लागल्याची कथा तुम्हीं वाचली आहे. त्याच्या हाताला साप डसलेला पाहून तेथील लोकांनीं त्याला खुनी ठरविलें. कांहीं अपाय झाला नाहीं असें पाहून तेच लोक त्याला देव म्हणूं लागले. घटकाभरांत त्यांचीं दोन्ही मतें चुकलीं. परंतु त्यापूर्वींच, पाऊस व थंडी आहे एवढेंच पाहून, त्यांनीं त्या भिजलेल्या अनोळखी माणसांसाठीं शेकोटी पेटविली होती. ती मात्र चुकली नाहीं.

तुम्ही मुंबईस जाल तेव्हां आपला निकाल लवकर देऊं नका. कोण कसें बोललें याबरोबर कोणीं काय केलें हेंही लिहून ठेवा. आणि जूनमध्यें आपल्या वसतिगृहांत नवीं मुलें येतील. त्यांची बोली निराळी असेल, कपडे निराळे असतील, पहिल्या रात्रीं त्यांतील कांहीं जण रडतीलही. तीं मुलें पुढें आपल्या गांवीं जाऊन सांगतील कीं या शाळेंतील मुलें अशीं आहेत. त्यांच्याविषयीं तुमचें मत काय व्हावयाचें तें सावकाश होवो. शेकोटी मात्र पहिल्याच रात्रीं पेटवा. यंदां जे पालक दाराशीं थांबून आम्हांस तो प्रश्न विचारतील, त्यांना आमचें उत्तर एवढेंच आहे: आपल्यासारखींच असतात; मुलाला पाठवा.