निन्जाची प्रगती अडकली?

प्रश्न : लातूरला क्लास, सुटीत नांदेडला मित्रांसोबत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. माझा निन्जासारखा ‘मंक’ चौथ्या लेव्हलला आला, तरी प्रोफिशियन्सी बोनस +2 च आहे. पात्र फसले का? — एक वाचक

उत्तर : पात्र फसलेले नाही. 2014 च्या नियमांत हा बोनस पहिल्या चारही लेव्हलना +2 असतो. पाचवीला +3 होतो. निन्जासारखे लपायचे, तर खरी मदार डेक्स्टेरिटीवर. चौथ्या लेव्हलला क्षमता वाढवण्यासाठी मिळणारे 2 गुण सहसा तिथेच घालावेत. डेक्स्टेरिटी 15 आणि विज्डम 15 असेल, तर एकेक वाटावा, कारण क्षमतेचा मॉडिफायर सम आकड्यालाच चढतो. मंकची ‘वे ऑफ शॅडो’ ही शाखा निवडली असल्यास 2 ‘की’ गुण खर्चून जवळच्या साथीदारांसह लपताना +10 मिळतात. या लेव्हलला ‘की’ चारच, म्हणून उधळपट्टी नको. चिलखत तर अजिबात नको. मंकची हातघाईची कसबे आणि वेग दोन्ही जातात.