मंद दीर्घिकांची साक्ष

आम्ही इतिहास शिकवितो. तरीही या स्मरणिकेसाठी खगोलशास्त्रातील विषय निवडला, याचे कारण पुराव्याची रीत. ज्यांच्याविषयी साधने थोडी, त्यांचा इतिहास कसा लिहावा? अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तुटलेल्या दुव्यांच्या याच प्रश्नाची चर्चा केली आहे. मंद सक्रिय दीर्घिकांचा अभ्यास करणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न असतो.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असते. भोवतीचा वायू त्यात थेट कोसळत नाही. फिरत, घासत, तापत आत ओढला जातो. या क्रियेस संचयन म्हणतात. सूर्याच्या गर्भात हायड्रोजनच्या एकत्रीकरणातून वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. संचयनात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. म्हणून तेजस्वी केंद्रे अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतात. परंतु ती विरळा. जवळच्या दीर्घिकांच्या सर्वेक्षणात सुमारे ४० टक्के दीर्घिकांच्या केंद्रांत सक्रियतेच्या खुणा आढळल्या, त्यांतील बहुतेक मंद. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके आहे, तरी ते जवळजवळ मूक आहे.

मंद केंद्र दृश्य प्रकाशात भोवतालच्या ताऱ्यांच्या उजेडात हरवते. क्ष-किरण मात्र कृष्णविवराच्या निकटच्या तप्त वायूतून निघतात व पुष्कळशी धूळ भेदून येतात. पृथ्वीचे वातावरण त्यांना अडविते, म्हणून उपकरणे उंच न्यावी लागतात. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ‘चंद्रा’ वेधशाळा १९९९ मध्ये अवकाशात गेली. आपला ‘अॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. त्याची क्ष-किरण उपकरणे घडविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’चा वाटा मोठा आहे.

निरीक्षक तीन प्रश्न विचारतो. किरण किती आले? यावरून कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या मानाने त्याचे तेज ठरते. त्यांची ऊर्जा किती? तेजस्वी केंद्र अधिक उजळले की सौम्य किरणांचा वाटा वाढतो. अनेक मंद केंद्रांत उलट, कठोर किरणांचा वाढतो. यावरून अनुमान निघते की तेथे पातळ चकती नसून विरळ, फुगीर व अतितप्त प्रवाह असावा, जो उष्णता बाहेर टाकण्यापूर्वीच आत जातो. तिसरा प्रश्न, तेज किती वेळात बदलते? तासाभरात बदलले, तर तो प्रदेश प्रकाशाच्या एका तासाच्या वाटेहून, म्हणजे सुमारे १०८ कोटी किलोमीटरहून, फारसा मोठा असू शकत नाही.

मग मंदपणाचे कारण काय? वायूच कमी मिळतो, की मिळालेला परत फेकला जातो? ‘चंद्रा’ने २०१२ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राकडे एकंदर सुमारे ३० लाख सेकंद रोखून पाहिले. त्यावरून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की ओढल्या गेलेल्या वायूपैकी १ टक्क्याहूनही कमी भाग कृष्णविवरापर्यंत पोहोचतो; उरलेला बाहेर फेकला जातो. सुमारे पस्तीस दिवसांच्या चिकाटीविना हे कळले नसते. थोड्या साधनांतून बोलायचे तर मोजणी काटेकोर हवी आणि अनुमान व सिद्ध गोष्ट वेगळी सांगण्याचा प्रामाणिकपणा हवा.

पालकहो, हे ज्ञान रेणापूरहून दूर नाही. या दोन्ही वेधशाळांची जुनी निरीक्षणे अभ्यासकांना खुली आहेत. मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे आपली मुले केवळ बांधकामाच्या मजुरीपुरती जावीत, की निरीक्षक म्हणून? याचा निर्णय दहावीनंतर घराघरांत होत असतो, आणि मुलीच्या बाबतीत तर बहुधा तिला न विचारताच. तिला विचारावे. आणि विज्ञान शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहातील मुलांसोबत बसून त्यांच्या शंका ऐकाव्यात. मंद दिसते म्हणून तेथे काहीच नाही, असे मानण्याची चूक शास्त्रज्ञ करीत नाहीत. शिक्षक आणि पालकांनीही ती करू नये.