श्रीपूर या नांवाची लांबी

सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्यांत श्रीपूर हें गांव आहे. या नांवांत अक्षरें किती, असें कोणास विचारिलें तर तो ‘श्री, पू, र, तीन’ असें म्हणेल. संगणकाचा हिशेब मात्र निराळा. आणि फाईल क्लाऊडच्या कोठारांत अपलोड करितांना या भेदापायीं कधीं कधीं जुनी फाईल कायमची नाहींशी होते. तो हिशेब आपण पाहूं.

कोठारांतील फाईलचें नांव म्हणजे तिच्या मार्गासकट पूर्ण नांव. ‘सोलापूर/माळशिरस/श्रीपूर’ असें लिहिल्यानें तेथें खरीं फोल्डरें होत नाहींत. तिरक्या रेघांसह ती एकच अक्षरमालिका असते. ॲमेझॉनच्या एस-थ्री या २००६ सालीं निघालेल्या सेवेंत तिला १०२४ बाईटांची मर्यादा आहे. गूगलच्या कोठारांतही तितकीच. मर्यादा बाईटांची, अक्षरांची नव्हे.

केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजिलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत १२८ च्या आंतील क्रमांकाच्या चिन्हास एक बाईट लागतो, २०४८ च्या आंत दोन, पुढें निदान तीन. इंग्रजी अक्षरें पहिल्या वर्गांत पडलीं; देवनागरीचे क्रमांक २३०४ पासून सुरू होतात. मराठीस हा भुर्दंड केवळ रांगेंत मागें उभें राहिल्याचा! श्रीपूर यांत श, हलन्त, र, दीर्घ ईकार, प, दीर्घ ऊकार, र अशीं सात चिन्हें. म्हणजे २१ बाईट. सोलापूर व माळशिरस यांतही सात-सातच. वरील मार्ग रेघांसह ६५ बाईटांचा झाला. इंग्रजी अक्षरांत तो २५ बाईटांत मावतो.

म्हणजे मराठी नांवास जागा सुमारें ३४१ चिन्हांची. चिन्हें मोजणारा प्रोग्राम चारशें चिन्हांचें नांव निर्धास्त पुढें धाडतो व कोठार तें नाकारतें. हें तरी बरें. कांहीं प्रोग्राम नांवाचें शेपूट परस्पर छाटतात, तो खरा घात होय. दोन लांब नांवांत भेद केवळ शेवटच्या सालाचा असेल, तर छाटल्यावर दोन्हीं एकच होतात. जुन्या प्रती राखण्याची सोय चालू नसेल, तर दुसरी फाईल पहिलीच्या जागीं बसते आणि कोणी तक्रारही करीत नाहीं.

म्हणून मोजणी अपलोडपूर्वीं करावी, यूटीएफ-८ च्या बाईटांत करावी, व प्रोग्राम स्वतः जोडतो तो मार्ग जोडून झाल्यावर करावी. नांव लांब झाल्यास तें छाटूं नये. किती बाईट अधिक झाले तें सांगून मालकाकडूनच आंखूड करवून घ्यावें. आणखी एक अडचण परतीच्या वाटेवर असते. लिनक्सच्या नेहमींच्या डिस्कवर दोन रेघांमधील एका नांवास २५५ बाईटच मिळतात, म्हणजे मराठीचीं ८५ चिन्हें. कोठारांत सुखानें राहिलेली फाईल त्या नांवानें खालीं उतरत नाहीं.